अण्णांची अर्धी गोष्ट

प्रयोगशाळेत तिला सगळे 'एक्सप्रेस' म्हणत. हे नाव ठेवलं होतं अण्णांनी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती जिना चढायची दोन-दोन पायऱ्या गाळून, जेवायची ओट्याशी उभ्याउभ्या, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला उत्तर देऊन मोकळी व्हायची. बरं, उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. त्यामुळे खोड मोडायचा प्रश्नच नव्हता.

अण्णा तिच्या अगदी उलटे. त्याच प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढलेला माणूस. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली आणि आता पेशी वाढवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण काम करता करता गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "तर काय झालं," असं म्हणत ते सुरू करत आणि मग गुऱ्हाळ थांबायचं नाव नाही. गोष्ट सांगताना त्यांचा उजवा हात हवेत नाचायचा. डाव्या हातात जे असेल ते, किल्ली, चष्म्याचं घर, एखादी ट्यूब, ते मुठीत घट्ट आवळलेलं असायचं, जणू ते सुटलं तर गोष्टही सुटेल.

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट त्यांच्या पहिल्या हिवाळ्याची. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत सामान हलवायचं होतं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, अण्णा फाटकापाशी पोचले आणि रखवालदाराने त्यांची कॉलर धरली. एक्सप्रेसला गोष्ट इथपर्यंत पाठ होती. पुढची ठाऊक नव्हती, कारण रखवालदाराने कॉलर धरली की ती म्हणायची, "अण्णा, पुढचं नंतर सांगा हं, माझं काम अडलंय."

"अगं, गाडी कुठे थांबलीच नाही तर माणसं चढायची कशी?" अण्णा विचारत. तोवर ती खोलीबाहेर गेलेली असे.

तिचं काम होतं थेंबांचं. आपल्या शरीरातल्या एकेका पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात, आणि त्यातली काही एकमेकांच्या ओढीने जमून त्यांचे बारीक बारीक थेंब होतात, पाण्यावर तेलाचे व्हावेत तसे. थेंबाला ना भिंत ना पडदा. तरी आतली मंडळी आत, बाहेरची बाहेर. पेशीची रोजची कामं या थेंबांत चालतात. पण पेशीला दोन व्हायचं असलं की हे थेंब आधी विरघळावे लागतात, म्हणजे माल मोकळा होऊन दोन्हीकडे सारखा जातो. आणि एकीच्या दोन झाल्या की दोन्ही घरांत थेंब पुन्हा नव्याने जमतात. ऑफिसात घोळक्याने गप्पा मारणारी मंडळी साहेबांची चाहूल लागताच पांगतात आणि साहेब गेले की परत जमतात, तसंच हे. पेशीत ही पांगापांग करणारं एक प्रथिन असतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'हवालदार' म्हणत.

एक्सप्रेसचं म्हणणं असं होतं की विभाजनाची खरी किल्ली या हवालदाराच्या हातात आहे. एका औषधाने त्याला बेड्या घातल्या की थेंब विरघळत नाहीत आणि पेशी दोन व्हायच्या उंबरठ्यावर अडकून बसते. मग एक द्रावण घालून ते औषध धुऊन काढायचं. बेड्या सुटल्या की थेंब विरघळतात आणि पेशी सुरळीत दोन होते. हा दुसरा भाग दिसला तरच म्हणणं सिद्ध होणार. नाहीतर कोणीही म्हणेल की बाई, तुमच्या औषधाने पेशी मेली, त्यात हवालदाराचा काय संबंध?

आणि हा दुसरा भाग दिसला होता! सहा महिन्यांपूर्वी तिच्या लेकीला, पिटुकलीला, कांजिण्या आल्या. एक्सप्रेस दोन आठवडे घरी अडकली, आणि तिच्याऐवजी प्रयोग केला अण्णांनी. मायक्रोस्कोपखाली टिपलेली ती फिल्म पाहून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसुद्धा खुर्चीतून उठल्या होत्या. हिरवे चमकणारे थेंब हळूहळू विरत गेले आणि एकामागून एक पेशी दोन झाल्या. चार वर्षांच्या कष्टाला फळ आलं म्हणून एक्सप्रेस त्या दिवशी घरी जाऊन रडली.

लेख छापायला पाठवला. तपासणाऱ्यांनी उत्तर दिलं: छान आहे, पण हेच आणखी तीनदा करून दाखवा.

तिने ते नऊदा केलं. नऊच्या नऊ वेळा थेंब ढिम्म! औषध धुऊन काढलं तरी ते जागचे हलेनात आणि पेशी अडकलेल्या त्या अडकलेल्याच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. औषधाची बाटली बदलली, पेशी बदलल्या, डिश बदलल्या, काही उपयोग नाही. मॅडम वाईट नव्हत्या पण करड्या होत्या. त्यांनी सोमवारी सांगितलं, "शुक्रवार दुपारपर्यंत बघू. नाही जमलं तर लेख मागे घेऊ. जे पुन्हा दिसत नाही ते मी छापणार नाही."

शुक्रवार हा अण्णांच्या नोकरीचाही शेवटचा दिवस होता.

मंगळवारी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फिल्म एकच, आणि ती अण्णांची. आपण तिथे नव्हतो. अण्णांनी आपल्याला बरं वाटावं म्हणून... तो विचार तिने झटकला, तो पुन्हा आला. अण्णा चहाला गेल्यावर तिने त्यांचं कपाट उघडलं, नोंदवही काढली आणि फिल्मवरच्या तारखा नोंदींशी ताडून पाहू लागली. सगळं जुळत होतं. मान वर केली तर दारात अण्णा उभे. हातात तिच्यासाठी आणलेला चहाचा कप.

"मला विचारलं असतंस तर दाखवली असती गं," ते एवढंच म्हणाले. कप टेबलावर ठेवला आणि निघून गेले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे एक्सप्रेसला तेव्हा समजलं.

बुधवारी मॅडमनी दोघांना शेजारी बसवलं. तीच डिश, तेच औषध, प्रयोग अण्णांनी करायचा आणि हिने बघायचं. धुवायच्या द्रावणाची ट्यूब बर्फाच्या बादलीत होती. तिच्यावर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'बर्फातून काढा, लगेच वापरा.' त्या द्रावणातला एक घटक नाजूक होता, बराच वेळ बाहेर राहिला की नासायचा. अण्णांनी ट्यूब काढली, तीनदा धुतलं, बाजूला झाले. सगळं नियमाप्रमाणे. "तर काय झालं" नाही, रखवालदार नाही, तोंडाला कुलूप. तासभर दोघं पडद्याकडे बघत बसले. हिरवे थेंब काही विरघळले नाहीत.

अण्णांचा चेहरा उतरला. "आता मलाच माझी शंका यायला लागलीय," ते म्हणाले. एक्सप्रेसला त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं. पण राग येईना, नुसतं वाईट वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी पिटुकलीचा कान ठणकायला लागला. नवरा कामासाठी परगावी, म्हणजे घरात ती, पिटुकली आणि सासूबाई. सासूबाईंनी तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेली, त्यामुळे दुखण्याखुपण्यात शब्द त्यांचा. डॉक्टरांनी मागे दिलेली कानात घालायची औषधाची बाटली फ्रीजमध्ये होती. एक्सप्रेसने ती काढली, लेकीला कुशीवर वळवलं आणि थेंब सोडणार, तेवढ्यात सासूबाईंनी तिचा हात धरला.

"अगं अगं, काय करतेस! फ्रीजमधून थेट कानात? चक्कर येईल तिला. आण इकडे."

"आई, मला आठला पोचायचंय."

"पोचशील. पोरीचा कान काय पळत नाही." त्यांनी बाटली मुठीत धरली, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि नातीला म्हणाल्या, "तर एक होता ससा. त्याचे कान इतके लांब, इतके लांब, की चालताना पायात यायचे."

"मग?" पिटुकलीने डोळे पुसत विचारलं.

"मग काय, पडायचा धपकन. त्याची आई म्हणाली, बाबा रे, कानांची गाठ मार."

ससा तीनदा पडला, गाठ दोनदा सुटली. एक्सप्रेस घड्याळाकडे बघत उभी होती. तिची नजर घड्याळावरून सासूबाईंच्या मुठीकडे गेली, आणि तिथेच खिळली. म्हातारीची डावी मूठ. आत बाटली. उजवा हात हवेत, सशाचे कान दाखवणारा.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही मुठीत का धरलीत ती?"

"ऊब यायला. नाहीतर कशाला? अंगाइतकी ऊन झाली की घालायची. लहान मुलं गप्प बसत नाहीत तेवढा वेळ, म्हणून आपली गोष्ट. आम्ही सगळ्या बायका वॉर्डात हेच करायचो."

एक्सप्रेसने सासूबाईंच्या गालाची कचकन पापी घेतली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, असं तिने कधी केलं नव्हतं. सासूबाई गालाला हात लावून बघतच राहिल्या. थेंब घालून होईपर्यंत मात्र एक्सप्रेस लेकीचं डोकं धरून बसली, अजिबात घाई न करता. मग धावत सुटली.

अण्णा आपलं कपाट आवरत होते. जुने हातमोजे, एक फुटका कप, पस्तीस वर्षांची धूळ.

"अण्णा," ती दारातूनच म्हणाली, "आधी एक. परवा मी जे केलं ते चुकलं. फार चुकलं. मला माफ करा."

"बस," अण्णा म्हणाले. "धापा टाकतेयस."

"नाही, दुसरं ऐका. तुम्ही ती फिल्म केलीत त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं?"

"कोण असणार? मी एकटाच." अण्णांनी डोकं खाजवलं. "हां, एसी बिघडला होता. तो दुरुस्त करणारा शिडीवर होता."

"त्याला गोष्ट सांगितलीत?"

"सांगितली की! सबंध ऐकली त्याने. तुझ्यासारखा नव्हता तो."

"कधी सांगितलीत? धुवायच्या आधी?"

"बर्फातून ट्यूब काढली आणि त्याने वरून विचारलं, किती वर्षं झाली तुम्हाला इथे? मग म्हटलं, तर काय झालं..." अण्णा थांबले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली, उघडली.

"आणि काल तुम्ही गप्प होतात," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

द्रावण बर्फासारखं थंड जात होतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजावं तसे पेशीतले थेंब त्या गारठ्याने घट्ट होत होते, आणि एकदा घट्ट झाले की बेड्या सुटलेला हवालदार तरी काय करणार? म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. नऊ वेळा पेशी बदलल्या, बाटल्या बदलल्या, आणि हात लावून कोणी बघितलं नाही की हे गार आहे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावर आठ्या तशाच. "लगेच वापरा, हा नियम मी लिहिलाय," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. मी तो नऊ वेळा पाळला."

मॅडमनी घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं. "चार कप्प्यांची डिश आण. दोन कप्प्यांत थंड जाईल, दोनांत कोमट. कुठे काय, हे मी ठरवणार आणि मीच घालणार. तुम्ही दोघं बाहेर. नंतर पडद्यावर बघून मला सांगायचं. मनात आहे ते डोळ्यांना दिसतं, म्हणून सांगते."

मॅडमनी पिपेट हातात घेतल्याला किती वर्षं झाली होती, देव जाणे. बाहेर बाकावर एक्सप्रेस आणि अण्णा शेजारी शेजारी बसले. ती नखं कुरतडत होती. अण्णांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढून तिच्यापुढे धरली.

तासाभराने तिघं पडद्यासमोर बसले. पहिला कप्पा. हिरवे थेंब होते, मग त्यांच्या कडा धूसर झाल्या, मग नुसता हिरवट उजेड सगळ्या पेशीभर पसरला, आणि पेशी मधोमध आवळत गेली. एकीच्या दोन. दोन्हीत इवले इवले थेंब पुन्हा उगवले.

"पहिला कोमट," एक्सप्रेस म्हणाली.

दुसरा, ढिम्म. तिसरा, ढिम्म. चौथ्यात अण्णा तिच्या आधी बोलले. "विरघळले बघ! बघ, बघ, ती कोपऱ्यातली!"

"एक आणि चार कोमट, दोन आणि तीन थंड," ती म्हणाली.

मॅडमनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर उलगडली. 'कोमट: १, ४.' मग मॅडम उठल्या, बर्फाच्या बादलीपाशी गेल्या, ट्यूब उचलली आणि स्वतःच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. "उद्या आणखी दोनदा करा," त्या म्हणाल्या. "लेख मागे घेत नाही मी. आणि अण्णा, पद्धत लिहिताना तुमचं नाव घालायचंय. मूठ असं नाही लिहिता येणार, पण नाव येईल." एक्सप्रेसचा जीव भांड्यात पडला. अण्णा चष्मा पुसत बसले, तो काही केल्या स्वच्छ होईना.

शुक्रवारी सकाळी सातलाच दोघं हजर. आता मुठीचं काम कोमट पाण्याच्या भांड्याकडे होतं. मोजून पाच मिनिटं, अंगाइतकी ऊब, की लगेच वापरायचं. एक्सप्रेसने ट्यूब पाण्यात ठेवली, गजर लावला, आणि स्टूल ओढून अण्णांसमोर बसली. हातात काही नाही, फोनही नाही.

"पाच मिनिटं आहेत," ती म्हणाली. "रखवालदाराने कॉलर धरली. पुढे?"

तिला ताप आलाय की काय, अशा नजरेने अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात हवेत गेला.

"तर काय झालं, रखवालदार म्हणाला, शर्टात काय लपवलंयस? काढ! मी म्हटलं, काढत नाही. तो म्हणाला, चोर आहेस. तेवढ्यात मोठे सर धावत आले. मग मी बटणं उघडली आणि आतून पेशींची डिश काढली. पोटाला लावून आणली होती मी. बाहेर एवढी थंडी, म्हटलं, बिचाऱ्या उबेत वाढलेल्या, गारठतील. बाकीच्यांनी आपापल्या डिश ट्रेमधून आणल्या होत्या, सगळ्या वाया गेल्या. माझीच तेवढी जगली. सर म्हणाले, उद्यापासून बाटल्या धुवायच्या नाहीत, उद्यापासून तू पेशी सांभाळायच्या. अशी लागली मला ही नोकरी."

ही गोष्ट चार वर्षं एक्सप्रेसच्या शेजारच्या टेबलावर होती. एकदा, फक्त एकदा ती रखवालदाराच्या पुढे गेली असती, तर नऊ प्रयोग, तो उघडलेला कपाटाचा दरवाजा, तो थंड झालेला चहा, काही झालं नसतं.

"ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगायला घेतली असेल?" तिने विचारलं.

"असेल वीसेक वेळा." अण्णा बोलता बोलता थबकले. त्यांचा हात हवेतच राहिला. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले. "हे तर तेच की गं. मी तर ती रखवालदाराची गोष्ट म्हणून सांगायचो."

आधी तिला हसू फुटलं, मग अण्णांना, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. गजर वाजला. एक्सप्रेस जागची हलली नाही.

"त्या रखवालदाराचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

"अगं बये, ऊठ! द्रावण नासेल!" अण्णा ओरडले. "आज कुठे ब्रेक लावतेस?"

ती उठली. ट्यूब हाताला उबदार लागली. तिने तीनदा धुतलं, डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली, दिवा मंद केला आणि परत येऊन बसली.

"आता तासभर काही काम नाही," ती म्हणाली. "सांगा."

पडद्यावर पहिल्या थेंबाची कड धूसर व्हायला लागली होती. अण्णांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणाले, "तर काय झालं..."